गोल ओरखडे

आल्मेरे, २ एप्रिल २०२०

चंद्रहासदादा, नमस्कार.

मस्कत सोडलं त्या सकाळी, सत्तावीस फेब्रुवारीला, मी चार वाजता उठलो. आंघोळ केली, देवांची पूजा केली आणि टॅक्सी यायला तासभर होता म्हणून खाली गाडीपाशी गेलो. रात्रीतून तिच्यावर पिठासारखी बारीक धूळ बसली होती. देव पुसायचा रेशमी तुकडा खांद्यावरच होता, बाबा पूजेला नेसायचे त्या जुन्या कदाचा. स्तोत्र म्हणत म्हणत त्याने सगळी गाडी पुसली. आधी टप, मग काचा, मग बॉनेट. गाडी घेतल्यापासून तीन महिने माझा हाच नेम होता. आयुष्यातली पहिली नवी गाडी, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी घेतलेली. देवाने दिलेली वस्तू देवासारखी ठेवावी, एवढंच मला कळतं. पार्किंगच्या दिव्याखाली ती काळी गाडी विहिरीतल्या पाण्यासारखी दिसत होती. एक रेघ नव्हती तिच्यावर. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

सुनीतीला इथे डचांच्या देशात नोकरी लागून वर्ष झालं. बायको-लेकीकडे चार आठवड्यांसाठी म्हणून आलो होतो. परतीचं तिकीट रद्द झालं, आणि आता पुन्हा कधी, ते कोणी सांगत नाही. सुनीती घरून काम करते, ऋजुताची शाळा जेवणाच्या टेबलावर भरते, आणि मी खिडकीशी बसून कालव्यातल्या बदकांकडे बघतो.

गाडीची किल्ली राजय्याकडे आहे. आमच्या बिल्डिंगचा वॉचमन. साठीचा, सोलापूरचा तेलुगू माणूस, आधी चादरीच्या कारखान्यात होता, मराठी बरं बोलतो. पहाटे तो चौदा भाडेकरूंच्या गाड्या धुतो. माझ्या गाडीला मी त्याला हात लावू देत नव्हतो. आता किल्ली त्याच्याकडे आणि मी पाच हजार किलोमीटर लांब. मन लागत नाही. तू बावीस वर्षं गाड्या रंगवतोस, तुझ्या नजरेतून काही सुटणार नाही. जमेल तेव्हा जाऊन बघ आणि किल्ली काढून घे. त्याला कारण सांगू नकोस.

शामलावहिनींना नमस्कार.

मोरेश्वर

मस्कत, १९ एप्रिल २०२०

मोरू,

नाक्यावर दोनदा अडवलं, वर्कशॉपचा कागद दाखवला तेव्हा सोडलं. तुझ्या गाडीच्या दर्शनालाही पास लागतो म्हणजे आता तिथे दानपेटी ठेवायला हरकत नाही.

गाडी जागेवर आहे. सात आठवड्यांची धूळ, त्यावर कबुतरांची कृपा आणि बाजूच्या झाडाचा चीक. साडेपाचला पोचलो, कारण सातनंतर पत्रा तापतो, साबण अंगावरच वाळतो आणि पाण्याचे डाग रंगात उतरतात. आधी नुसतं पाणी, वरून खाली, हात न लावता. इथली धूळ ही माती नव्हे मोरू, दळलेली काच आहे. कबुतरांच्या घाणीवर ओलं फडकं दहा मिनिटं ठेवलं, ती आपणहून सुटली. मग दोन बादल्या, एक साबणाची, दुसरी हातमोजा खळबळून घ्यायची. शेवटी टॉवेल पसरून नुसता उचलायचा, घासायचा नाही. वर मेणाचा हात दिला.

आता वाईट ते सांगतो. ऊन वर आल्यावर बॉनेटवर ओरखडे दिसले. केसासारखे बारीक, शेकडो, सगळे गोल. सूर्याचं प्रतिबिंब पडतं त्याभोवती कोळ्याने जाळं विणावं तसे. टपावरही आहेत. फोटो फोनवर पाठवलेत. हे कोरड्या फडक्याचं काम. सावलीत किंवा दिव्याखाली दिसत नाहीत, ऊन सरळ पडलं तरच दिसतात. गाडी पाच महिन्यांची आणि रंग पाच वर्षांचा. शाळेत पाटी कोरडी पुसली की गुरुजी काय करायचे, ते आठवत असेलच.

किल्ली घेतली. राजय्याने काही न विचारता दिली. चहा मात्र पाजला, कागदी पेल्यात, लांबूनच.

चंद्रहास

आल्मेरे, २३ एप्रिल २०२०

दादा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. ओरखड्यांचं दुःख आहेच, पण त्याने काही न विचारता किल्ली दिली, हे वाक्य मनातून जात नाही. हातातली किल्ली काढून घेतली तर कोणीही विचारतो, का म्हणून. ज्याला कारण ठाऊक असतं तोच गप्प राहतो. आणि चहा कशाला? तुझी-त्याची ओळख काय?

त्याच्या कमरेला सदा एक पिवळं फडकं खोचलेलं असायचं. मी गेल्यावर गाडीवर धूळ दिसली असेल, किल्ली हाताशी होती, फिरवून आला असेल आणि कोणाला कळू नये म्हणून घाईने पुसली असेल. सगळं जुळतं. तू त्याला विचार. सरळ नको, आडून विचार, आणि तो बोलताना कुठे बघतो ते बघ.

ऋजुता म्हणते, "बाबा, इट्स जस्ट अ कार." चौथीपर्यंत अनवाणी शाळेत गेलेल्या माणसाची वस्तू काय असते, हे तिला मराठीत सांगून कळत नाही आणि इंग्रजीत मला सांगता येत नाही.

मोरेश्वर

मस्कत, १० मे २०२०

मोरू,

आडून विचारणं मला जमत नाही. सरळ विचारलं. तो बोलताना माझ्याकडेच बघत होता. त्याचे शब्द जसेच्या तसे देतो:

"त्या गाडीला मी हात नाही लावला साहेब. तुमच्या भावाने मना केलेलं. बाकीच्या चौदा गाड्या बघा की. मी पाणी पहिले, कपडा नंतर. कोरडा कपडा तुमचे भाऊच मारायचे, रोज पहाटे. एकदा मी बोललो, साहेब, पाणी घ्या जरा. त्यांचं देवाचं चाललं होतं, त्यांनी ऐकलं नाही."

मी चौदाही गाड्या उन्हात जाऊन पाहिल्या. एका म्हाताऱ्या पांढऱ्या गाडीचा रंग तर मी दिला असता त्यापेक्षा बरा राखलाय त्याने.

एक विचारू? तुझ्या बाबांच्या कदाचा तो तुकडा तू ओला करून घ्यायचास, की कोरडाच?

रागावू नकोस. शामला म्हणते, मोरूभावजींना असं विचारू नका. पण विचारलं.

चंद्रहास

आल्मेरे, १४ मे २०२०

दादा,

तो देवाचा कपडा आहे. रेशमाचा. त्याने ओरखडे पडत असते तर आमच्या देव्हाऱ्यातले देव एव्हाना झिजून गेले असते. ज्याच्यावर संशय, त्याने माझ्याकडे बोट दाखवायचं आणि माझ्या मामेभावाने ते बोट धरून माझ्या दारात यायचं, ह्याला काय म्हणावं? बाकीच्या गाड्या चांगल्या आहेत म्हणतोस. असणारच. त्यांचे मालक वर राहतात, माझ्या गाडीचा मालक इथे अडकलाय.

तू मनाने चांगला आहेस म्हणून तुला चहा पाजून गुंडाळता येतं. मला जे योग्य वाटलं ते मी केलं आहे. तू ह्यात पडू नकोस.

मोरेश्वर

मस्कत, ३० ऑगस्ट २०२०

मोरू,

तीन महिने आमच्याकडे हाल होते, शामलाला आणि मला दोघांनाही कोरोना होऊन गेला. आता बरे आहोत. बरं वाटल्यावर पहिल्यांदा तुझ्या गाडीकडे गेलो.

राजय्या तिथे नाही. जिन्याखालच्या त्याच्या खोलीत दुसरा माणूस राहतो. बिल्डिंगच्या एजंटच्या कचेरीत विचारलं तर तो म्हणाला, एका भाडेकरूची लेखी तक्रार होती, किल्ली वापरून गाडी फिरवली आणि खराब केली अशी. तेवढ्यावर जूनमध्ये त्याला काढला. जूनमधलं मस्कत तुला ठाऊक आहे. पेटी आणि गादी घेऊन तो दोन दिवस समोरच्या दुकानाच्या पायरीवर होता म्हणे. नंतर कुठे गेला ते कोणी सांगत नाही. पाचव्या मजल्यावरच्या मॅडमनी मला लिफ्टपाशी थांबवून सांगितलं, बरं झालं गेला, इतकी वर्षं आम्ही चोराला किल्ल्या देत होतो.

अकरा वर्षं होता तो तिथे. आता कुठलीही बिल्डिंग त्याला ठेवणार नाही.

तुझी गाडी मी घाला भागातल्या माझ्या वर्कशॉपमध्ये आणून सावलीत लावली आहे. एकच प्रश्न आहे आणि हो-नाही एवढंच उत्तर हवंय. ती तक्रार तुझी होती का?

चंद्रहास

आल्मेरे, ६ सप्टेंबर २०२०

दादा,

तुम्ही दोघं आजारातून उठलात, ही देवाची कृपा. मला कळवायचं होतंस.

हो. तक्रार मी केली. जे झालं तेवढंच लिहिलं. काढा असं मी लिहिलं नव्हतं, लक्ष ठेवा असं लिहिलं होतं. पुढचं एजंटने केलं. त्या माणसाचं वाईट वाटतं, पण त्याचं इतरही काही असल्याशिवाय अकरा वर्षांचा माणूस एका पत्राने जात नाही.

माझी तिथली नोकरी गेल्या महिन्यात संपली, हे तुला कळलं असेल. आता सुनीतीच्या कागदांवर मी इथे राहतो, नवरा म्हणून. आठवड्याचे चार दिवस एका गोदामात पार्सलं लावतो. तक्रार नाही.

पण मला न विचारता गाडी का हलवलीस? कोण चालवत आणली? तिचे किती किलोमीटर झालेत, त्याचा फोटो पाठव. राग मानू नकोस, आता मला कशाचीच खात्री वाटत नाही.

मोरेश्वर

मस्कत, १४ जानेवारी २०२१

मोरेश्वर,

फोटो सोबत आहे. तू गेलास तेव्हाचा आकडा तुझ्याकडे असेलच. त्यात बिल्डिंगपासून वर्कशॉपपर्यंतचे अकरा किलोमीटर मिळव. तेवढाच आकडा येईल. म्हणजे किल्ली राजय्याकडे होती त्या सात आठवड्यांत गाडी जागची हलली नव्हती.

महिन्यातून एकदा इंजिन चालू करतो. गाडी ठीक आहे.

चंद्रहास

आल्मेरे, २० मार्च २०२२

दादा,

तुझ्या त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, आणि सव्वा वर्ष तूही लिहिलं नाहीस. आकडा बरोबर आला होता. तो बरोबर आला म्हणूनच मला लिहिता आलं नाही. गाडी फिरवली नसेल, पण पुसली तर असेल, असं मी स्वतःला सांगत राहिलो.

ह्या आठवड्यात इथे आभाळ पिवळं झालं होतं. सहाराची वाळू वाऱ्याने वर चढून थेट इथवर येते, आणि मग चिखलाचा पाऊस पडतो. मंगळवारपासून आल्मेरेतल्या सगळ्या गाड्या तांबूस होत्या. लोकांनी धुलाई केंद्रांबाहेर रांगा लावल्या. आम्ही मागच्या वर्षी एक जुनी काळी गाडी घेतली आहे, सुनीतीला स्टेशनवर सोडायला. काल सकाळी पूजा झाल्यावर मला वाटलं, रांगेत कशाला, आपण पुसू. तो रेशमी तुकडा माझ्याबरोबर इथे आलेला आहे. नेहमीसारखा खांद्यावर होता. स्तोत्र म्हणत मी गाडी पुसली. मस्कत सोडल्यावर पहिल्यांदाच. फार बरं वाटलं, खरं सांगतो.

नऊच्या सुमाराला लख्ख ऊन पडलं. ऋजुता सायकल काढायला बाहेर आली आणि बॉनेटपाशी थबकली. म्हणाली, "बाबा, व्हॉट डिड यू डू?"

मी जाऊन पाहिलं. सगळे गोल. डावीकडून वर, वरून उजवीकडे, प्रदक्षिणेसारखे. आणि बॉनेटच्या मधोमध हात पोचत नाही तिथे वीतभर जागा स्वच्छ. मी फोनमध्ये तू पाठवलेले दोन वर्षांपूर्वीचे फोटो काढले. तिथेही मधोमध वीतभर जागा स्वच्छ आहे. ऋजुताला दोन्ही दाखवले तर ती म्हणाली, "सेम पर्सन, ना?" आणि सायकलवरून निघून गेली.

मी पायरीवर बसून राहिलो. समोरच्या डच म्हाताऱ्याने हात हलवून विचारलं, सगळं ठीक? मी मान हलवली.

राजय्याने मला पाणी घ्या म्हटलं होतं. मला ते आठवत नाही. त्याने म्हटलं असेल आणि मी ऐकलं नसेल, असं आता वाटतं. दादा, तो माणूस कुठे आहे ते शोध. माझी गाडी त्याला दे. कागदपत्रं जशी करायची तशी कर, मी सह्या पाठवतो.

मोरेश्वर

मस्कत, ४ एप्रिल २०२२

मोरू,

शोधावं लागलं नाही. मला दीड वर्षापासून ठाऊक आहे. मस्कतबाहेर बारका गावाच्या पुढे एक खजुराची बाग आहे, तिथे तो झाडांना पाणी सोडतो आणि मालकाच्या गाड्या धुतो. पत्र्याच्या डब्यात राहतो. गुडघे गेलेत. घरी सोलापूरला त्याने काय झालं ते सांगितलेलं नाही, अजून त्याच बिल्डिंगमध्ये आहे असंच म्हणतो. मुलीच्या सासरी कळलं तर काय, ही त्याला भीती. मी महिन्याकाठी चक्कर मारतो.

काल तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं. सगळं नाही, कामापुरतं. बराच वेळ तो नळी दुसऱ्या आळ्यात सरकवत राहिला. मग म्हणाला, "गाडी मला कशाला? मला लायसन नाही." मी म्हटलं, विकता येईल. तर म्हणाला, "नको साहेब. मग लोक म्हणतील, फिरवली होती तीच घेऊन गेला. त्यांना म्हणावं, बिल्डिंगमध्ये सांगा. चौदा घरं आहेत. त्यांना सांगा."

आता माझं ऐक. तुझी गाडी पहिल्यांदा उन्हात पाहिली तेव्हाच मी ओळखलं होतं. वॉचमन लोक गाडी पुसतात ते लांब हात मारून, लवकर आटपायचं म्हणून. इतके सावकाश, सारखे, गोल ओरखडे भाड्याने पुसणारा माणूस काढत नाही. ते जीव लावून पुसणाऱ्याचे होते. मी तुला एकदा विचारलं, तू चिडलास, आणि मी गप्प बसलो. आत्याचा एकुलता एक मुलगा, कशाला दुखवा, असं म्हटलं. माझ्या गप्प बसण्यात एका माणसाची खोली गेली. तेव्हा तू एकटा नाहीस.

पण चौदा घरांना तूच लिहायला हवंस. ते मला लिहिता येणार नाही.

चंद्रहास

आल्मेरे, १५ मे २०२२

दादा,

पाच आठवडे लागले. सुनीतीने विचारलं, "एका पत्राला पाच आठवडे? आणि तक्रार लिहायला किती लागले होते?" मी म्हटलं, "एक संध्याकाळ." ती चहा ठेवून गेली.

उशिराचं कारण तुला सांगायला हवं. त्या चौदा घरांतली तीन घरं आपल्या देवळातल्या शनिवारच्या पाठाची आहेत. रमेश तर अजून फोन करून मला तिथी विचारतो. त्या लोकांत माझं नाव आहे ते एकाच गोष्टीसाठी, की मोरेश्वर खोटं बोलत नाही. म्हणून तर एजंटने माझ्या पत्रानंतर चौकशी केली नाही.

आणि त्या पत्रात एक वाक्य असं आहे जे मी तुलाही सांगितलेलं नाही. तुला लिहिलं होतं, जे झालं तेवढंच लिहिलं. ते खरं नव्हतं. तक्रार लिहून झाल्यावर वाचली तर ती मला पोकळ वाटली. नुसता संशय दिसत होता. तेव्हा मी शेवटी एक ओळ घातली: हा माणूस माझी गाडी घेऊन जाताना आणि नंतर कोरड्या फडक्याने पुसताना मी स्वतः पाहिला आहे. मी पाहिलं नव्हतं. पण मला इतकी खात्री होती, की पाहिल्यासारखंच वाटत होतं. लिहून मी दिवा लावला आणि संध्याकाळचं म्हणायला बसलो. एक शब्द अडखळला नाही. ह्याचीच आता मला भीती वाटते.

पहिल्या मसुद्यात मी लिहिलं की गैरसमज झाला होता. टाइप करायला ऋजुता बसली होती. तिने हात थांबवून विचारलं, "बाबा, हू मिसअंडरस्टुड?" मी म्हटलं, मी. ती म्हणाली, "देन राइट दॅट." मग तिला उठवलं आणि स्वतःच एका बोटाने टाइप केलं. सगळं मिळून सहा ओळी झाल्या. ओरखडे माझ्या हातचे आहेत. राजय्याने गाडीला हात लावला नव्हता, गाडी जागची हलली नव्हती. मी पाहिलं असं लिहिलं, ते खोटं होतं. त्याला ह्यावरून काढलं गेलं. खाली पूर्ण नाव.

पाठवायच्या आधी, तू दिलेल्या नंबरवर राजय्याला फोन केला. आवाज तुटत होता, तरी सगळं वाचून दाखवलं, मराठीत. ती पाहिल्याची ओळ वाचली तेव्हा तो "हां" एवढंच म्हणाला, जणू ते त्याला ठाऊकच होतं. मी माफी मागितली. तो म्हणाला, "पाचव्या मजल्यावरच्या मॅडम गेल्यात तिथून. त्यांनापण पाठवा. माझ्या तोंडावर त्याच बोलल्या होत्या."

मॅडमचा आताचा पत्ता फक्त रमेशकडे होता. तो मागायचा तर कशाला हवाय ते सांगावं लागणार होतं. मी रमेशला फोन लावला आणि तोंडाने सगळं सांगितलं. शेवटच्या ओळीसकट. त्याने ऐकून घेतलं, पत्ता दिला आणि तिथी न विचारता फोन ठेवला.

मग मी पत्र पाठवलं. एजंटला, चौदा घरांना आणि त्या मॅडमना. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

मोरेश्वर